बदलापूर ते महापे, सातची शिफ्ट: गाडी की लोकल?

केमिस्ट_बदलापूर_पूर्व

नमस्कार मंडळी. प्रश्न जुनाच आहे, पण माझ्या वेळा जरा अडचणीच्या आहेत, म्हणून सविस्तर लिहिते.

मी नवी मुंबईतल्या महापे एमआयडीसीत एका औषध कंपनीच्या क्यूसी (गुणवत्ता तपासणी) लॅबमध्ये आहे. परवापर्यंत जनरल शिफ्ट होती, नऊ ते साडेपाच. आता कायमची पहिली शिफ्ट मिळालीये, सात ते साडेतीन. मीच मागून घेतली, कारण मुलीचं पाळणाघर सहाला बंद होतं. सहानंतर दर अर्ध्या तासाला पन्नास रुपये. पन्नास रुपयांचं काही नाही हो, पण त्या काकू दारात तिचं दप्तर हातात घेऊन उभ्या असतात ना, ते नको वाटतं.

लोकलचा हिशोब असा. घरून स्कूटरने स्टेशन, स्कूटर स्टँडला लावायची, बदलापूर-ठाणे फास्टने साधारण पन्नास-पंचावन्न मिनिटं, ठाण्याला ६ नंबरवर उतरून पुलावरून ९-१० वर, तिथून ट्रान्स-हार्बरने (ठाण्याहून नवी मुंबईला जाणारी लोकल लाइन) घणसोली, आणि शेअर रिक्षाने कंपनी. पावणेसातला गेटवर कार्ड मारायचं तर घरातून पाचच्या आत निघायला हवं. म्हणजे चारला उठणं. डबा मी रात्री भरून ठेवला तरी चारच.

गाडी म्हणजे आमची आठ वर्षांची सीएनजी वॅगनआर. नवरा घरून काम करतो, त्यामुळे ती खाली उभीच असते. नेवाळी नाका, खोणी, काटई, शिळफाटा, मग डोंगर चढून महापे. घरापासून गेटपर्यंत ३१ किलोमीटर. पावणेसहाला निघाले तरी चालतं. पन्नास मिनिटांची झोप वाचते आणि पहाटेच्या झोपेची पन्नास मिनिटं म्हणजे काय ते ज्याला लहान मूल आहे त्यालाच कळेल.

पैशांचं सांगते. सीएनजी किलोला ८० च्या घरात आहे, माझी गाडी किलोला २२ देते. रोजचे ६२ किलोमीटर म्हणजे सव्वादोनशे रुपये, महिन्याला साडेपाच हजार. लोकलचा पास, रिक्षा आणि स्कूटर स्टँड मिळून दोन हजारांच्या आत. वरच्या साडेतीन हजारांबद्दल घरात भांडण नाही.

खरी भीती दोनच. एक, पहाटे पाचला लेडीज डब्यात किती जणी असतात? दुसरी, परत येताना शिळफाटा. आमच्याकडचे ड्रायव्हिंगवाले दुपारी साडेतीनला पार्किंगकडे जाताना तोंड असं करतात जणू कुणाच्या दहाव्याला चाललेत.

कंपनीची बस आहे, पण ती ऐरोली-ठाणे आणि पनवेलची. बदलापूरला नाही. विचारून झालंय.

---

काटई_नाक्याचा_कैदी

ताई, सात वर्षं झाली, निळजे ते रबाळे रोज गाडीने. तुमच्या रस्त्याचा अर्धा भाग माझाच आहे.

जाताना डोळे झाकून गाडी घ्या. (म्हणजे झाकू नका.) पावणेसहाला काटई-शिळ रस्ता मोकळा असतो, कंटेनर असतात पण चालते असतात. तुमचं पन्नास-पंचावन्न मिनिटांचं गणित बरोबर आहे, पाच मिनिटं इकडे-तिकडे.

येताना मात्र देवाचं नाव घ्या. शिळफाट्याला चार बाजूंनी लोक येतात: मुंब्र्याकडून, महापेकडून, कल्याणकडून आणि पनवेलकडून. त्यात एक ट्रेलर चढावर बंद पडला की महापेच्या डोंगरापर्यंत रांग. त्यात भर मेट्रो १२ च्या (कल्याण-तळोजा) कामाची. पलावापाशी पूल झाला तरी गर्दी पुढे सरकली एवढंच, आधी इथे उभे राहायचो, आता तिथे. माझा साडेचारचा प्रवास कधी चाळीस मिनिटांत झालाय, कधी दोन तासांत. चाळीस मिनिटं लागली तर बायको विचारते, आज हाफ डे होता का.

थोडक्यात, जायला गाडी, यायला ट्रेन. फक्त गाडीला पाय फुटून ती आपली आपण घरी आली पाहिजे. तेवढी सोय झाली की मलाही कळवा.

---

लाल_हिरवा_कंदील

मी मध्य रेल्वेत गार्ड होतो, २०१७ ला निवृत्त. आता त्या पदाला ट्रेन मॅनेजर म्हणतात, काम तेच.

लोकलबद्दल एक गोष्ट लक्षात ठेवा. कल्याणच्या पुढे कर्जतकडे दोनच लाइन आहेत, एक अप, एक डाऊन. त्याच लाइनवर तुमची लोकल आणि त्याच लाइनवर पुण्याकडून येणाऱ्या मेल-एक्स्प्रेस. पहाटेच्या वेळी रात्रभर चालून आलेल्या गाड्या मुंबईकडे येत असतात. एखादी घाटात रखडली की तिचं वेळापत्रक सांभाळायला लोकल वांगणीला किंवा बदलापूरला थांबवतात. कल्याण सुटलं की प्रश्न मिटतो, तिथून ठाण्यापर्यंत सहा लाइन आहेत. ठाणे-दिवा पाचवी-सहावी लाइन फेब्रुवारी २०२२ मध्ये सुरू झाली, तेव्हापासून मेल पारसिकच्या बोगद्यातून आणि फास्ट लोकल मुंब्र्यावरून. जुन्या लोकांना बोगद्यातला गार वारा आठवतो, तो गेला.

यातून तुम्ही काय घ्यायचं: कर्जत किंवा खोपोलीवरून येणारी गाडी धरू नका, बदलापूरहून सुटणारी धरा. ती बदलापूरलाच उभी असते, बसायला जागा मिळते आणि मागच्या तीस-पंचेचाळीस किलोमीटरचा उशीर तिच्या खात्यावर नसतो. वेळापत्रक बदलत राहतं म्हणून मिनिटं लिहीत नाही.

मेगाब्लॉकची (दुरुस्तीसाठी लाइन बंद ठेवतात त्याची) काळजी फक्त रविवारची शिफ्ट असेल तर. ब्लॉक साधारण साडेदहा-अकरानंतर ते दुपारी साडेतीन-चारपर्यंत असतो. सकाळी जाताना तुम्हाला त्रास नाही, येताना गाठ पडेल. ट्रान्स-हार्बरवर ब्लॉक असेल तर घणसोलीला जाऊच नका, रिक्षाने किंवा बसने सरळ ठाणे गाठा.

कळव्याहून थेट ऐरोलीला जोडणारी लाइन मंजूर आहे. दिघा गाव स्टेशन जानेवारी २०२४ मध्ये सुरू झालं, ते त्याच योजनेतलं. लाइन झाली की कल्याण-बदलापूरकरांना ठाण्याला उतरावं लागणार नाही. तुमची मुलगी नोकरीला लागेल तोवर होईल, अशी आशा धरू.

---

नाइटची_सिस्टर

केमिस्टताई, डब्याचं मी सांगते. मी अंबरनाथहून पहाटे जाते, ठाण्याला हॉस्पिटलात. अकरा वर्षं.

पहाटेच्या गाडीत लेडीज डबा रिकामा नसतो. फुलवाल्या, भाजीवाल्या, दादरला केटरिंगला जाणाऱ्या, आमच्यासारख्या नर्सेस, एअरपोर्टला हाउसकीपिंग करणाऱ्या मुली. तोंडावर ओढणी घेऊन झोपलेल्या असतात म्हणून डबा शांत वाटतो, एवढंच. एखादा पोलीसही असतो पहाटे. तरी पहिले काही दिवस डब्यावर "२४ तास" लिहिलेलं बघूनच चढा, काही लेडीज डबे ठरावीक वेळेपुरतेच असतात. आणि मधल्या डब्यात बसा, ठाण्याला जिना तिथून जवळ पडतो.

डब्यापेक्षा घर ते स्टेशन हा तुकडा जास्त नाजूक. पाचच्या आत रस्त्यावर कुत्री आणि तुम्ही. स्कूटर आहे हे उत्तम.

येताना दमलेली असलात तर हट्टाने पासावरच येऊ नका. फर्स्ट क्लासचं सुट्टं तिकीट मे २०२२ मध्ये निम्म्यावर आलं. मी महिन्यातून चार-पाच वेळा काढते. नवऱ्याला सांगत नाही.

गाडीचं म्हणाल तर एकच विचारते. शिफ्ट संपल्यावर तुम्हाला स्टिअरिंगवर झोप येते का? मला यायची. नेवाळीजवळ एकदा दचकून जागी झाले, तेव्हा समोर उसाच्या रसाची गाडी होती, फार जवळ. त्यानंतर मी गाडी विकली. तुम्ही विका असं म्हणत नाही.

---

पावसाळी_बेडूक

सगळे कोरड्या दिवसांचं बोलताय. २७ जुलै २०१९ ला महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये पाण्यात अडकली होती, हजाराहून जास्त माणसं होड्यांनी काढली. उल्हास नदीने मनावर घेतलं की गाडी, लोकल सगळं सारखंच. त्या दिवशी रजा टाकायची, चर्चा करायची नाही.

---

केमिस्ट_बदलापूर_पूर्व

सगळ्यांचे आभार. तीन आठवड्यांनी लिहितेय. लॅबमध्ये सवय आहे, एका रीडिंगवर निष्कर्ष काढत नाही, म्हणून एक आठवडा गाडी, एक आठवडा लोकल, आणि वहीत वेळा लिहिल्या.

गाडीने जाताना: ५२, ५५, ५१, ५४, ५३ मिनिटं. इतकं एकसारखं रीडिंग आमच्या मशीनचंही येत नाही. गाडीने येताना: एक तास दहा, एक वीस, दोन पंचवीस, एक पंधरा, एक पन्नास. दोन पंचवीसच्या दिवशी शिळफाट्यावरून पाळणाघरात फोन केला, तर काकू म्हणाल्या, "ती जेवली, तुम्ही सावकाश या." सावकाशच येत होते.

लोकलने जाताना एक पन्नासच्या आसपास, फक्त बुधवारी दोन वीस. कंदीलकाका, तुमचं तंतोतंत खरं. त्या दिवशी माझी बदलापूरवाली चुकली आणि मी कर्जतहून आलेली धरली. लोकलने येताना एक पंचावन्न ते दोन दहा. पाचही दिवस. उभी राहून आले, सिस्टरताई, पण पावणेसहाला पाळणाघरात होते.

म्हणजे कैदीदादा जे चेष्टेत म्हणाले तेच माझ्या वहीत निघालं. जायला गाडीचा भरवसा, यायला लोकलचा. आणि गाडी महापेला.

आता ऐका. गाडीला पाय फुटले!

आमच्या पॅकिंगमध्ये एक मुलगा आहे, बदलापूर पश्चिमेचा, दुसऱ्या शिफ्टला. साडेतीन ते बारा. तो दुपारी ट्रेनने येतो, त्याला काही त्रास नाही, पण रात्री बाराला सुटल्यावर घणसोलीहून ठाणे आणि पुढे शेवटच्या लोकलच्या मागे धावाधाव. कधी चुकली तर ठाण्याला प्लॅटफॉर्मवर पहाटेपर्यंत. कँटीनमध्ये बोलता बोलता निघालं. आता मी सकाळी गाडीने जाते, सव्वातीनला किल्ली त्याच्या हातात देते, मी रिक्षाने घणसोली. तो रात्री बाराला माझी गाडी घेऊन निघतो, पाऊण तासात बदलापूर, गाडी आमच्या सोसायटीत लावतो, किल्ली वॉचमनकडे, आणि पुलावरून पश्चिमेला चालत घरी. सीएनजीचे पैसे अर्धे-अर्धे. वर तो रात्री पंपावर भरूनही आणतो, तेव्हा रांग नसते. मी सकाळी भरायला गेले तर पंचवीस मिनिटं जातात.

नवऱ्याचा पहिला प्रश्न, लायसन्स आहे का त्याच्याकडे. पाहिलं, आहे. दुसरा प्रश्न, इन्शुरन्सचं काय. एजंटला फोन करून विचारलं, मालकाच्या परवानगीने वैध लायसन्सवाल्याने चालवली तर चालतं, पण त्याच्याकडून पैसे घेऊन भाड्याने दिल्यासारखं दिसता कामा नये. इंधन वाटून घेणं वेगळं. तरी मी दोघांच्या लायसन्सच्या आणि आरसीच्या झेरॉक्स डॅशबोर्डमध्ये ठेवल्यात.

कुरबुरी आहेत. तो सहा फुटी आहे, मी पाच फूट एक इंच. रोज पहाटे अंधारात सीट पुढे ओढावी लागते आणि आरसे पुन्हा लावावे लागतात. एफएमचा आवाज तो फुल करून ठेवतो, चावी फिरवली की सगळी सोसायटी जागी. चिठ्ठी लावली स्टिअरिंगवर. दोन दिवस ऐकलं.

उठायला पावणेपाच. चारच्या मानाने सण आहे.

अडचण एकच. त्याची शिफ्ट दर दोन आठवड्यांनी फिरते, माझी फिरत नाही. पुढच्या सोमवारपासून तो पहिल्या शिफ्टला, म्हणजे सकाळी माझ्याच शेजारच्या सीटवर बसणार आणि दुपारी आम्ही दोघंही लोकलच्या रांगेत, गाडी पुन्हा महापेला. तेव्हा बदलापूर, अंबरनाथ किंवा नेवाळीच्या पट्ट्यातलं कुणी महापे-रबाळेला दुसऱ्या शिफ्टला असेल, गिअरची गाडी नीट चालवत असेल, तर मेसेज करा. बाई असेल तर उत्तम, सीट तरी जागेवर राहील.