मदत हवी आहे : रे ग्रॅव्हेल यांची रग्बीनंतरची रेडिओ, दूरचित्रवाणी व अभिनयातील कारकीर्द

नमस्कार.

एका दिवाळी अंकासाठी मी वेल्सचे रग्बीपटू रे ग्रॅव्हेल यांच्यावर लेख लिहीत आहे. लेखाचा भर त्यांच्या खेळावर नाही, खेळ थांबल्यानंतरच्या आयुष्यावर आहे, आणि त्याच भागासाठी मला येथील जाणकारांची, विशेषतः ब्रिटनमध्ये राहणाऱ्या मराठी मंडळींची मदत हवी आहे. प्रश्न कशातून निघाले हे कळावे म्हणून आधी थोडी पार्श्वभूमी देतो.

ग्रॅव्हेल यांचा जन्म १९५१ चा. नैर्ऋत्य वेल्समधील कार्मार्थनशर परगण्यात, खाणकामगाराच्या वेल्शभाषक घरात ते वाढले. ३१ ऑक्टोबर १९७२ रोजी लनेथली या क्लबने स्ट्रेडी पार्कवर न्यूझीलंडच्या ‘ऑल ब्लॅक्स’ संघाला ९-३ असे हरवले, त्या संघात २१ वर्षांचे ग्रॅव्हेल सेंटरच्या, म्हणजे मधल्या बचाव-आक्रमणाच्या, जागेवर खेळत होते. पुढे १९७५ ते १९८२ या काळात ते वेल्सकडून २३ कसोटी सामने खेळले, १९७६ आणि १९७८ या दोन्ही ‘ग्रँड स्लॅम’ (पाच देशांच्या वार्षिक स्पर्धेतले सगळे सामने जिंकणे) विजयांत त्यांचा वाटा होता, आणि १९८० मध्ये ब्रिटिश लायन्स या ब्रिटन व आयर्लंडच्या संयुक्त संघाबरोबर ते दक्षिण आफ्रिकेला गेले. खेळाविषयी एवढे लेखात पुरेसे होईल, असे मला वाटते.

मला खरे महत्त्व वाटते ते त्यानंतरच्या वळणाचे. निवृत्त खेळाडूने समालोचनाच्या खोलीत जाऊन बसणे ही आज इतकी सरावाची गोष्ट झाली आहे की, ग्रॅव्हेल यांचेही तसेच झाले असणार, असे वाचक गृहीत धरेल. पण त्यांच्या बाबतीत काळ आणि भाषा या दोन्ही गोष्टी वेगळ्या होत्या. वेल्श भाषेतील स्वतंत्र वाहिनीचे आश्वासन ब्रिटिश सरकारने १९७९ मध्ये मागे घेतले, त्यावर प्लाइड कमरी या पक्षाचे नेते ग्विनफोर एव्हन्स यांनी आमरण उपोषणाचा इशारा दिला, आणि सप्टेंबर १९८० मध्ये सरकारला माघार घ्यावी लागली. त्यातून ‘एस-फोर-सी’ ही वाहिनी १ नोव्हेंबर १९८२ रोजी सुरू झाली. ग्रॅव्हेल यांची आंतरराष्ट्रीय कारकीर्द संपली तेही हेच वर्ष. नव्या वाहिनीला वेल्शमध्ये सहज, रांगडे आणि मनापासून बोलणारी माणसे हवी होती, आणि ग्रॅव्हेल तर सामन्याआधी कपडे बदलण्याच्या खोलीत लोकप्रिय गायक दाफिद इवान यांची वेल्श गाणी मोठ्याने गाण्यासाठी सहकाऱ्यांत प्रसिद्ध होते. त्यांची दुसरी कारकीर्द खेळातल्या नावामुळे नव्हे, तर मुख्यतः या भाषेमुळे उभी राहिली, असे माझे मत आहे आणि लेखाचा कणाही तोच आहे.

बीबीसीच्या वेल्श व इंग्रजी अशा दोन्ही रेडिओ केंद्रांवर त्यांनी अनेक वर्षे कार्यक्रम सादर केले, आणि सामन्यांच्या वेळी मैदानाच्या कडेला उभे राहून खेळाडूंना बोलते केले. अभिनयात त्यांचे पदार्पण १९८५ मध्ये, ‘बॉनर’ या वेल्श चित्रपटात थेट नायकाच्या भूमिकेतून झाले. १९९२ मध्ये ‘रिबेकाज डॉटर्स’ या चित्रपटात ते होते. एकोणिसाव्या शतकात स्त्रीवेश करून टोलनाके फोडणाऱ्या वेल्श शेतकऱ्यांची ती गोष्ट त्यांच्याच मुलुखातली. त्याच वर्षी दिग्दर्शक लुई माल यांच्या ‘डॅमेज’ मध्ये नट जेरेमी आयर्न्स यांच्या गाडीचा चालक म्हणून ते दिसले.

आता अडचणी सांगतो.

पहिली अडचण रेडिओची. चित्रपट शोधून पाहता येतात, पण माणूस उलगडतो तो रोजच्या बोलण्यात, आणि मला त्यांच्या वेल्श कार्यक्रमांचे नमुने ऐकायचे आहेत. आबेरिस्टविथ येथील वेल्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयात प्रसारण-संग्रह आहे. तेथे जाऊन काम केलेले, किंवा वेल्समध्ये राहून वेल्श शिकलेले कोणी येथे असल्यास, ध्वनिमुद्रण ऐकण्याची परवानगी कशी मिळवावी आणि भारतातून पत्र पाठवून काही साधते का, हे कृपया सांगावे. एखाद्या लहान मुलाखतीचा आशय समजावून देणारे कोणी भेटले तर फारच उपकार होतील.

दुसरी अडचण हौशीपणाच्या नियमांची आहे. रग्बी युनियन, म्हणजे ग्रॅव्हेल खेळत तो रग्बीचा प्रकार, ऑगस्ट १९९५ पर्यंत अधिकृतपणे हौशी होता. खेळाडू खाणीत, कारखान्यात किंवा शाळेत नोकरी करून शनिवारी खेळत, आणि खेळातल्या नावावर पैसा मिळवला तर ‘व्यावसायिक’ ठरून बाहेर फेकले जात. इंग्लंडचे कर्णधार बिल ब्यूमॉन्ट यांनी १९८२ मध्ये निवृत्त झाल्यावर आत्मचरित्राचे मानधन स्वीकारले, म्हणून काही वर्षे त्यांना युनियनची दारे बंद झाली, आणि दूरचित्रवाणीवरील क्रीडा-प्रश्नमंजूषेत मात्र ते घरोघरी पोहोचले. आयपीएलचे लिलाव पाहणाऱ्या मराठी वाचकाला हे जग दोन परिच्छेदांत कसे पटवून द्यावे? कोणी यावर आधी मराठीत लिहिले असल्यास दुवा द्यावा.

तिसरा प्रश्न तुलनेचा आहे. रग्बी आणि अभिनय म्हटले की आपल्याकडे राहुल बोस यांचे नाव प्रथम येते. पण ते चित्रपटात आधी आले आणि भारतीय संघाकडून खेळले ते अभिनय चालू असतानाच, त्यामुळे हे उदाहरण येथे नीट बसत नाही. मला अधिक जवळचे वाटतात ते रणजी सामने खेळून मराठी क्रिकेट समालोचनाचा पाया घालणारे बाळ ज. पंडित, आणि १९८५ मध्येच, म्हणजे ‘बॉनर’च्या वर्षी, हिंदी चित्रपटात नायक झालेले व ‘एकच षटकार’चे संपादन करणारे संदीप पाटील. पंडितांच्या आकाशवाणीवरील समालोचनाविषयी कोणाकडे कात्रणे किंवा घरातल्या वडीलधाऱ्यांच्या आठवणी असतील, तर त्या अवश्य लिहाव्यात. कबड्डी किंवा खो-खोमधून रंगभूमीवर आलेल्या व्यक्तीचे उदाहरण मिळाले तर त्याहून चांगले.

शेवटचा प्रश्न थोडा नाजूक आहे. मधुमेहामुळे २००७ मध्ये ग्रॅव्हेल यांचा एक पाय गुडघ्याखाली कापावा लागला, आणि त्याच वर्षी ३१ ऑक्टोबरला, म्हणजे ‘ऑल ब्लॅक्स’वरील विजयाला बरोबर ३५ वर्षे झाली त्या दिवशी, स्पेनमध्ये सुटीवर असताना त्यांचे निधन झाले. अंत्यविधी स्ट्रेडी पार्कवरच झाला आणि हजारो लोक जमले. लेखाची सुरुवात या योगायोगानेच करावी, असा अंकाच्या संपादकांचा आग्रह आहे. मला ते पटत नाही. त्यापेक्षा आइस्टेडफोड या वेल्श साहित्य-महोत्सवातील ग्रॅव्हेल यांच्यापासून सुरुवात करावी, असे मनात आहे. तेथे ते मानाच्या खड्गाचे धारक होते. खड्ग म्यानातून अर्धेच काढले जाते, प्रमुख पुरोहित ‘शांतता आहे का?’ असे तीनदा विचारतो आणि सभा ‘शांतता’ असे उत्तर देते. खेळाडू, निवेदक आणि नट हे तिघेही त्या एका जागी दिसतात. २०१५ पासून त्यांच्या जीवनावर एक एकपात्री नाटकही रंगमंचावर आले; ते कोणी पाहिले असेल, तर त्याची सुरुवात कोठून होते हे कळवावे, म्हणजे मी तीच वाट धरणार नाही.

मजकूर गणपतीपूर्वी द्यायचा आहे, त्यामुळे अर्धवट माहिती असली तरी लिहावे. पडताळणी मी करेन. वेल्श नावांचे उच्चार चुकले असतील, तर तेही दुरुस्त करून सांगावेत.