सल्ला हवा: इंग्रजी टेस्ट रिपोर्टात 'हाय व्होल्टेज'ला हायफन द्यायचा का?

दांडियाबाजारकर:
नमस्कार मंडळी. बडोद्यात मकरपुऱ्याला ट्रान्सफॉर्मरच्या कारखान्यात टेस्टिंगला आहे. परदेशी ग्राहकाला जाणारे रिपोर्ट आम्हीच लिहितो. 'हाय-व्होल्टेज टेस्ट'मध्ये हायफन दिसतो, 'पार्शल डिस्चार्ज टेस्ट'मध्ये दिसत नाही. दोन्हीकडे विशेषण आणि नामच, मग फरक कसला? एकाच रिपोर्टात प्रत्येकाची वेगळी तऱ्हा असते, ते फार खटकतं. भरवशाचं काहीतरी सुचवा.

नीलिमा_अलकापुरी:
जोडी पुढच्या नामाचं वर्णन करत असेल तर हायफन: 'हाय-व्होल्टेज टेस्ट'. पुढे नाम नसेल तर नको: 'टेस्टेड ॲट हाय व्होल्टेज'. हे उगाच नाही. 'स्मॉल ट्रान्सफॉर्मर मॅन्युफॅक्चरर' लिहिलंत तर लहान कोण, ट्रान्सफॉर्मर की कारखानदार? 'स्मॉल-ट्रान्सफॉर्मर' केलं की शंका मिटते. 'हायली लोडेड'सारख्या जोडीत मात्र 'ली' असल्यामुळे हायफन लागत नाही.

जुना_टेस्टवाला:
व्याकरणाचं पुस्तक राहू दे, आधी आयईसीची (आंतरराष्ट्रीय विद्युततंत्र आयोगाची) मानकं उघडा, ती तुमच्याकडे असणारच. 60270 च्या 2000 सालच्या आवृत्तीचं नावच बघा: 'हाय-व्होल्टेज टेस्ट टेक्निक्स – पार्शल डिस्चार्ज मेझरमेंट्स'. एका ओळीत दोन्ही! 'पार्शल डिस्चार्ज' इतकं रुळलंय की मोजमापच अर्धवट आहे, असं कुणी वाचत नाही. ट्रान्सफॉर्मरच्या 60076 मालिकेत 'ड्राय-टाइप' आणि 'लिक्विड-इमर्स्ड' हायफनसकट आहेत. मानकात आहे तसंच ठेवा. ग्राहकाचा इन्स्पेक्टरही तेच वाचून आलेला असतो.

दांडियाबाजारकर:
हे फारच कामाचं, आभार! आणि आकडे? '11 केव्ही बुशिंग'?

नीलिमा_अलकापुरी:
एककाचं चिन्ह असेल तर मध्ये फक्त मोकळी जागा, हायफन नाही. एसआय ब्रोशरमध्ये (एककांच्या आंतरराष्ट्रीय पद्धतीच्या अधिकृत पुस्तिकेत) हे स्पष्ट दिलंय, विशेषण म्हणून वापरलं तरी. एककाचं नाव पूर्ण लिहिलंत तरच हायफन, आणि तेही एकवचनात: '11-किलोव्होल्ट बुशिंग'. रिपोर्टात चिन्हच बरं.

जुना_टेस्टवाला:
सीआरजीओ (ट्रान्सफॉर्मरच्या गाभ्याचं पोलाद) पूर्ण लिहाल तेव्हा 'कोल्ड-रोल्ड ग्रेन-ओरिएंटेड स्टील', हायफन दोनच. आणि एक कळकळीचं सांगणं: वर्डमध्ये 'रिप्लेस ऑल' दाबू नका. 'ॲट हाय व्होल्टेज'मध्येही हायफन घुसेल. एकेक जागा बघून बदला.