गेम सुरू होताच काळी खिडकी दिसून बंद होतो

प्रश्न (सदाशिव पेठ):
नमस्कार. मुलीसाठी विंडोज ११ असलेला नवा लॅपटॉप घेतला आणि तिचा आवडता जुना गेम त्यावर इन्स्टॉल केला. परंतु आयकॉनवर डबल क्लिक केल्यावर क्षणभर काळी खिडकी दिसते आणि कोणताही संदेश न येता गेम बंद होतो. ग्राफिक्स ड्रायव्हर अपडेट केला, गेम काढून पुन्हा टाकला. घरच्या जुन्या संगणकावर तो उत्तम चालतो. परीक्षा संपल्यापासून ती वाट पाहत आहे, कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर (कोथरूड):
व्हिज्युअल सी प्लस प्लस रीडिस्ट्रिब्युटेबल (अनेक गेमना चालण्यासाठी लागणारा मायक्रोसॉफ्टचा सहायक फाइलींचा संच) तपासा. जुने गेम बहुधा ३२ बिटचे असल्याने ६४ बिट विंडोजवरही त्याची एक्स८६ (म्हणजे ३२ बिट) आवृत्ती लागते. मात्र ती नसल्यास सहसा डीएलएल फाइल (त्या संचातील सहायक फाइल) सापडत नसल्याचा संदेश येतो, म्हणून मला थोडी शंका आहे.

उत्तर (हडपसर):
लॅपटॉपवरील खात्याचे नाव देवनागरीत आहे का? तसे असल्यास सी ड्राइव्हमधील यूझर्स फोल्डरातही तेच नाव उमटते, आणि युनिकोड (देवनागरीसह सर्व लिप्यांची अक्षरे संगणकात साठवण्याची पद्धत) न जाणणाऱ्या जुन्या गेमला सेव्ह फाइल ठेवण्याचा मार्गच वाचता येत नाही. खात्याचे नाव बदलून फोल्डरचे नाव बदलत नाही. रोमन अक्षरांत नवे लोकल खाते (फक्त त्या लॅपटॉपपुरते, ऑनलाइन न जोडलेले) उघडून पाहा.

प्रश्नकर्ता:
अगदी तेच होते. मुलीचे नाव मी हौसेने मराठीत लिहिले होते. नव्या खात्यातून गेम पहिल्याच प्रयत्नात सुरू झाला. मनःपूर्वक आभार. तिचे मराठी नावाचे खाते अभ्यासासाठी तसेच ठेवले आहे.