टँकरची सरकारी तपासणी: कागद बघायचे की टाकी?

दर्यावर्दी: ३१ जुलै २०११ ला जुहू-वर्सोव्याच्या वाळूत एक टँकर येऊन रुतला. नाव ‘पवित’, झेंडा पनामाचा (म्हणजे जहाजाची नोंदणी त्या देशात), आत चिटपाखरू नाही. ओमानजवळ इंजिन रूममध्ये पाणी शिरल्यावर खलाशांनी सोडलेलं हे धूड महिनाभर भरकटत थेट मुंबईत. तेव्हा सगळी बोंब किनाऱ्याच्या पहाऱ्यावरून झाली. मी म्हणतो, असली जहाजं मुळात बंदरातून सुटतात कशी? १५ वर्षांवरच्या टँकरची बॅलास्ट टाकी (जहाजाचा तोल सांभाळायला समुद्राचं पाणी भरतात ती) सरकारी निरीक्षकाने आत उतरून पाहिल्याशिवाय त्याला जाऊ देऊ नये.

गॅसफ्री: बोलायला काय जातंय! टँकरवर नोकरी करतो म्हणून सांगतो. मुंबई बंदरातल्या जवाहर द्वीपाच्या तेल धक्क्याला क्रूड उतरवताना आम्ही त्याच वेळी बॅलास्ट घेत असतो. पाण्याने भरलेल्या टाकीत साहेब उतरणार कसे, पाणबुड्याचा पोशाख घालून? रिकामी असली तरी आधी हवा खेळवा, ऑक्सिजन २०.९ टक्के आहे का बघा, विषारी वायू मोजा, तोंडाशी माणूस उभा करा. तेवढा वेळ धक्का कोण अडवून ठेवणार? त्यापेक्षा टँकर भाड्याने घेणाऱ्या तेल कंपन्यांची स्वतःची ‘सायर’ तपासणी कडक. तिथे वाईट शेरा पडला की भाडं मिळत नाही, मग मालक मुकाट पैसे सोडतो.

दर्यावर्दी: कंपनीची तपासणी म्हणे! ‘एरिका’ विसरलात? १९७५ चं जहाज. फ्रान्सच्या ‘टोटल’ तेल कंपनीने स्वतः तपासून भाड्याने घेतलेलं, जहाजं तपासून दाखला देणाऱ्या इटलीच्या ‘रिना’ संस्थेचं सर्टिफिकेट असलेलं. डिसेंबर १९९९ मध्ये फ्रान्सच्या ब्रिटनी किनाऱ्याजवळ त्याचे दोन तुकडे झाले, सुमारे २० हजार टन जड तेल समुद्रात. २०१२ मध्ये फ्रान्सच्या सर्वोच्च न्यायालयाने टोटल आणि रिना, दोघांचाही दोष कायम केला.

नियमावली: अर्धीच गोष्ट सांगताय. एरिकावर बंदरांतले सरकारी निरीक्षकही चढून गेले होते. त्यांनी तरी काय दिवे लावले? तपासण्या वाढवून उपयोग नाही, जहाजं निवडा. युरोपात २०११ पासून तेच चालतं: जास्त धोक्याचं जहाज ५-६ महिन्यांनी, चांगलं रेकॉर्ड असलेलं २४ ते ३६ महिन्यांनी. चांगल्या जहाजांवर साहेबांचा दिवस फुकट घालवायचा कशाला?

दाभोळकर_फिटर: साहेब यायच्या आदल्या रात्री गंजावर रंग मारायचं काम आमच्याकडे असतं. फायर पंप चालू, लाइफबोट खाली-वर, झाली तपासणी. मुरलेला निरीक्षक मात्र ऑइली वॉटर सेपरेटरपाशी (पाण्यातलं तेल वेगळं करणारं यंत्र) जाऊन फ्लँजचे, म्हणजे पाइपच्या जोडाचे, नट बघतो. सगळा पाइप चकचकीत आणि दोनच नटांचा रंग उडालेला दिसला, की रात्री पाइप बदलून, यंत्राला वगळून, तेलकट पाणी समुद्रात सोडलंय हे तो ओळखतो. असली माणसं नेमा. आणि त्रुटी निघाली की खापर आमच्यावर, मालक तिकडे दुबईत, हे आधी थांबवा.

गॅसफ्री: फिटरदादांशी सहमत. टाकी बघायचीच असेल तर ड्राय डॉकमध्ये (दुरुस्तीसाठी जहाज कोरडं उभं करतात तिथे) बघा. तिथे ती रिकामी, धुतलेली असते, पत्र्याची जाडीही मोजतात. पण मोजणाऱ्याचं बिल मालकच भरतो. तिथे सरकारी माणूस उभा करा.

नियमावली: डॉक चीनमध्ये असला तर आपला साहेब कुठल्या अधिकाराने जाणार?

दर्यावर्दी: झेंडा भारतीय असेल तर जाईलच. पनामाचा असेल तर डॉकमधले मोजमापाचे आकडे बंदरात शिरण्याआधी मागवा. नाही दिले, तर राहू दे जहाज बाहेर नांगरावर.