हौशी गोल्फचे चढउतार: फटके जातात कुठे आणि परत येतात कसे

धाग्याची सुरुवात

एका रविवारी ८९ फटके, पुढच्या रविवारी त्याच मैदानावर, त्याच टीवरून (होलची सुरुवातीची जागा) १०३; गोल्फमध्ये फटके जितके कमी तितका खेळ चांगला. हौशी गोल्फ खेळणाऱ्यांना हे आकडे नवे नाहीत. बिलू सेठींनी १९६५ साली हौशी खेळाडू असताना इंडियन ओपन जिंकली होती. आपली लढाई मात्र ९० आणि १०० च्या मधल्या पट्ट्यातली आहे, आणि तीही मनापासून लढण्यासारखी आहे.

असा दिवस आला की 'आज नशीब नव्हतं' म्हणून कार्ड खिशात जातं. ते पटत नाही. हे १४ जादा फटके अठरा होलवर सारखे पसरलेले नसतात, तीन-चार होलवर साचलेले असतात. कुठे ८, कुठे ९, बाकीचं कार्ड जवळपास आधीच्या रविवारसारखंच. म्हणून जाणकारांना आग्रहाचं बोलावणं: तुमच्या पाहण्यात मोठे आकडे कुठून येतात आणि ते कसे आवरतात, ते लिहा. 'डोकं खाली ठेवा, खांदे सैल सोडा' एवढंच नको. काय बिघडतं, का बिघडतं, किती इंच, किती अंश, हे हवं आहे. (खाली प्रत्येक मजकुरावर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

सातनंबरी

सुरुवात उजवीकडे वळणाऱ्या बॉलपासून करतो, कारण ८ आणि ९ चे बहुतेक आकडे टीवरच ठरतात. (सगळं उजव्या हाताने खेळणाऱ्यांसाठी लिहितोय, डावखुऱ्यांनी उलट वाचावं.)

बॉल सुटतो कुठल्या दिशेला, हे मुख्यतः क्लबच्या तोंडावर (बॉलला लागणाऱ्या बाजूवर) ठरतं. ड्रायव्हरच्या (टीवरून मारायचा सगळ्यात लांब क्लब) बाबतीत तोंडाचा वाटा ८५ टक्क्यांच्या आसपास, आयर्नच्या (धातूच्या पातळ डोक्याचे नंबरवाले क्लब) बाबतीत ७५. पुढे तो वळतो किती, हे तोंड आणि क्लबचा मार्ग यांच्यातल्या फरकावर. मार्ग बाहेरून आत येणारा आणि तोंड त्या मार्गापेक्षा उघडं, म्हणजे स्लाइस. आता चूक बघा: बॉल उजवीकडे जातो म्हणून माणूस डावीकडे तोंड करून उभा राहतो. खांदे डावीकडे वळले की मार्ग आणखी बाहेरून आत येतो, आणि स्लाइस वाढतो. नऊ नंबर आयर्नने तोच माणूस सरळ मारतो, कारण लॉफ्ट (तोंडाचा मागे कललेला कोन) जास्त, त्यामुळे बॅकस्पिन (उलटी फिरकी) जास्त, आणि वळण झाकलं जातं. ड्रायव्हर काही झाकत नाही.

दुरुस्ती या क्रमानेच करावी:

पहिली ग्रिप. क्लब धरून वरून बघितलं की डाव्या हाताचे दोन ते अडीच सांधे दिसले पाहिजेत. एकच दिसत असेल तर तोंड आपोआप उघडं राहतं, मग बाकी कितीही झटा. दुसरी बॉलची जागा: डाव्या टाचेच्या आतल्या बाजूला. त्याहून पुढे गेला की त्याला गाठायला खांदे उघडतात. तिसरी टीची (बॉल ठेवायच्या खुंटीची) उंची: ड्रायव्हर जमिनीवर टेकवल्यावर अर्धा बॉल त्याच्या माथ्याच्या वर दिसावा. चौथा मार्ग: बॉलच्या बाहेरच्या बाजूला चार बोटं सोडून आणि किंचित मागे ड्रायव्हरचं कव्हर ठेवा. बाहेरून आत येणारा क्लब त्याला लागतोच.

ग्रिप बदलली की पहिले काही आठवडे बॉल डावीकडे जाईल. तिथेच बरेच जण घाबरून जुन्या ग्रिपवर परततात. आठ नंबरने अर्ध्या स्विंगचे फटके मारत ते दिवस काढावेत, ड्रायव्हर बॅगेतच ठेवावा. आणि नवशिक्याला ९ अंशांचा ड्रायव्हर विकणं अन्यायाचं आहे. १०.५ किंवा १२ घ्या. जास्त लॉफ्टमुळे वळण कमी होतं, आणि कमी वेगाच्या स्विंगला अंतरही सहसा जास्तच मिळतं.

लाल खुंट्या

सातनंबरींनी सांगितलेली दुरुस्ती होईपर्यंत बॉल ओबी (मैदानाच्या हद्दीबाहेर) जाणारच आहे, तेव्हा हिशेब नीट करू.

पांढऱ्या खुंट्यांच्या बाहेर गेला की एक दंड आणि मूळ जागेवरून पुन्हा फटका. म्हणजे टीवरून तिसरा. बॉल सापडेल की नाही शंका असेल तर 'प्रोव्हिजनल' हा शब्द स्पष्ट उच्चारून दुसरा बॉल मारा. नुसतं 'एक अजून मारतो' म्हणून चालत नाही, तो बॉल खेळात आला असं धरलं जातं आणि पहिला सापडला तरी गेला. शोधायला २०१९ पासून तीनच मिनिटं आहेत, पूर्वीची पाच नाहीत.

समितीने परवानगी दिली असेल तर एक स्थानिक नियम आहे: बॉल जिथे हरवला वा बाहेर गेला त्या जागेच्या अंदाजाने फेअरवेच्या (टी ते ग्रीनमधला कापलेल्या गवताचा पट्टा) कडेपर्यंत येऊन दोन दंड घेऊन ड्रॉप (बॉल हातातून खाली सोडणं). पुढचा फटका चौथा. टीवरून पुन्हा मारून बॉल फेअरवेवर पडला तरी तिथून चौथाच असतो. म्हणजे टीवरून पुन्हा मारलेला फटका चांगला बसला तरी फायदा शून्य, वाईट बसला तर थेट ८. ज्या दिवशी स्लाइस अंगात आहे त्या दिवशी ड्रॉपच घ्यावा.

लाल खुंट्यांचं पाणी किंवा नाला: एक दंड, बॉल जिथे शेवटचा आत गेला तिथून दोन क्लब लांबीच्या आत, होलच्या जवळ न जाता. लांबी पटर (ग्रीनवर बॉल लोळवायचा क्लब) सोडून बॅगेतल्या सगळ्यात लांब क्लबने मोजायची, म्हणजे ड्रायव्हरने. ड्रॉप गुडघ्याच्या उंचीवरून. खांद्यावरून ड्रॉप करणारे अजून दिसतात. तो ड्रॉप चुकीचा, पुन्हा करावा लागतो. तसाच खेळलात तर दंड.

येरवडा फेअरवे

माझ्या मते टीपेक्षा ग्रीनच्या (होलभोवतीची बारीक गवताची जागा) भोवतीचे ४० यार्ड जास्त महाग पडतात, आणि त्यातलं निम्मं दुखणं बॅगेत आहे.

आजकालच्या आयर्न सेटमधला पिचिंग वेज (वेज म्हणजे जवळच्या, उंच फटक्यांचा जास्त लॉफ्टचा क्लब) ४३-४४ अंशांचा असतो. त्याच बॅगेत सँड वेज ५६ चा. मध्ये १२ अंशांची दरी. पिचिंग ११० यार्ड जातो, सँड ७५, मग ९० यार्डांवरून काय करायचं? पिचिंग हळू मारायचा प्रयत्न होतो, खाली येताना स्विंग मंदावतो, क्लब बॉलच्या आधी जमिनीत घुसतो. ५० अंशांचा एक वेज घातला की हा गोंधळ बराच संपतो. चौदा क्लबची मर्यादा आड येत असेल तर तीन किंवा चार नंबर आयर्न काढा. हौशी खेळाडूला त्यांनी बॉल तसाही नीट उचलता येत नाही.

दुसरं, बाउन्स. वेजचा तळ पुढच्या कडेच्या खाली किती अंश उतरतो तो आकडा. एप्रिल-मे मध्ये पुण्याकडची जमीन कडक, गवत पातळ. तिथे १२-१४ बाउन्सचा वेज जमिनीवर आपटून उसळतो, पुढची कड बॉलच्या पोटात बसते आणि बॉल ग्रीनच्या पलीकडे. तिथे ४ ते ६ बाउन्स हवा. पावसाळ्यात उलटं: कमी बाउन्सचा वेज चिखलात रुततो. दोन्ही घेणं परवडत नसेल तर १० च्या आसपासचा एक घ्या आणि मे महिन्यात कडेवरून वेजऐवजी आठ नंबरने बॉल लोळवत न्या. शोभेचं नसेल, पण तीन फूट जवळ राहतो.

बंकरमध्ये (वाळूच्या खड्ड्यात) आधी क्लबचं तोंड उघडायचं, मग ग्रिप धरायची. उलट क्रमाने केलं तर मनगट फिरतं आणि आदळताना तोंड पुन्हा बंद होतं. वाळूत शिरायचं बॉलच्या दोन इंच मागे, आणि स्विंग पूर्ण न्यायचा. पावसाने दबलेल्या वाळूत मात्र तोंड इतकं उघडू नका. तिथे तळ उसळतो.

खारघरचा वारा

पावसाळ्याबद्दल कुणी सविस्तर लिहीत नाही. मुंबईकडचे निम्मे वाईट आकडे जून ते सप्टेंबरातले आहेत.

बॉल स्वतःच्याच खड्ड्यात रुतला तर बंकर आणि पाणी सोडून बाकी सगळीकडे फुकट सुटका (दंडाशिवाय बॉल हलवायची मुभा) मिळते, रफमध्येसुद्धा (फेअरवेबाहेरच्या उंच गवतात). उभं राहिल्यावर बुटांभोवती पाणी दिसलं तरी फुकट सुटका. पाणी पूर्ण टळेल अशी सगळ्यात जवळची जागा शोधा, तिथून एक क्लब लांबी. बंकरभर पाणी असेल तर दंडाशिवाय बंकरमध्येच सगळ्यात कमी पाण्याची जागा, नाहीतर एक दंड घेऊन बाहेर, मागे सरळ रेषेत. 'उचला-पुसा-ठेवा' हा स्थानिक नियम त्या दिवशी लागू आहे का, हे पहिल्या टीवर विचारून घ्या. लागू नसताना फेअरवेवर बॉल पुसला तर दंड.

नियम लागू नसेल आणि बॉलला चिखल चिकटला असेल तर लक्षात ठेवा: चिखल उजव्या बाजूला तर बॉल डावीकडे वळतो, डाव्या बाजूला तर उजवीकडे. निशाणी तेवढी हलवा आणि फार जोर लावू नका.

ओल्या फेअरवेवर बॉल पडतो तिथेच राहतो. मे महिन्यात ड्रायव्हरला लोळून मिळणारे २०-२५ यार्ड विसरा आणि ग्रीनकडे मारताना एक क्लब जास्त (एक नंबर लांब जाणारा) घ्या. खारघर व्हॅलीसारख्या डोंगराच्या कुशीतल्या मैदानावर उतारही भरपूर. बॉल पायांपेक्षा वर असेल तर डावीकडे जातो, खाली असेल तर उजवीकडे. चढावर बॉल उंच उडून आखूड पडतो, तिथेही एक क्लब जास्त.

वीज कडाडायला लागली की सायरनची वाट बघायची गरज नाही. धोका आहे असं तुम्हाला रास्तपणे वाटलं तर नियमच खेळ थांबवायची मुभा देतो. लगेच समितीला कळवायचं, एवढंच. झाडाखाली मात्र कुणी उभं राहू नका, हे कळकळीने सांगतो.

चेंबूरकर

ग्रीनवरचं थोडं. एका ग्रीनवर तीन पट (पटरने लोळवलेले फटके) लाइन चुकून क्वचितच होतात, होतात ते अंतर चुकून. व्यावसायिक खेळाडूही आठ फुटांवरून साधारण निम्मेच पट घालतात. मग आपला पहिला पट आठ फूट लांब राहिला की तिसरा ठरलेलाच. लाइन बघायला लागतो त्याच्या निम्मा वेळ तरी अंतर पावलांनी मोजायला द्या.

सराव: ६, ९ आणि १२ पावलांवर तीन टी रोवा, प्रत्येकी तीन बॉल. बॉल टीच्या अलीकडे थांबला तर बाद, एका पटर लांबीपेक्षा पुढे गेला तरी बाद. नऊपैकी सहा जमेपर्यंत पहिल्या टीवर जाऊ नये.

आपल्याकडे बऱ्याच ग्रीनवर बर्म्युडा गवत आहे आणि त्याला कल असतो. बॉलच्या मागून बघताना गवत चकचकीत दिसलं तर ते तुमच्यापासून दूर झुकलेलं, पट जलद. गडद, मंद दिसलं तर अंगावर येणारं, पट संथ. होलच्या कडेकडे बघा: ज्या बाजूची कड झिजलेली, विस्कटलेली असेल, त्या दिशेला गवत झुकलेलं. सकाळी साडेसहाच्या दवात सराव ग्रीनवर घेतलेला अंदाज आठनंतर कामाचा नाही. दव सुकलं की ग्रीन जलद होतं, पाचव्या-सहाव्या होलवर पुन्हा अंदाज घ्यावा लागतो.

आणि कॅडीला (बॅग वाहणाऱ्या मदतनिसाला) 'लाइन काय?' एवढंच विचारू नका. 'बॉल मरतो कुठे?' हे विचारा. येताना वळण शेवटच्या तीन फुटांत किती, ते त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नसतं.

नेट डबल बोगी

चढउताराचं गणित. हँडिकॅप म्हणजे खेळाडूला मिळणारी फटक्यांची सूट. जागतिक हँडिकॅप पद्धतीत शेवटच्या २० राउंडपैकी सगळ्यात चांगल्या ८ ची सरासरी धरतात. म्हणजे हँडिकॅप तुमचा सरासरी खेळ दाखवत नाही, चांगल्या दिवसांचा खेळ दाखवतो. २० हँडिकॅपवाल्याने दर रविवारी पारपेक्षा (मैदानाच्या ठरलेल्या फटक्यांपेक्षा) २० च जास्त मारायला हवेत ही अपेक्षाच चूक आहे. त्याहून तीन-चार फटके वर जाणं हा रोजचा खेळ आहे.

राउंडचा आकडा असा निघतो: समजा स्कोअर ९५, कोर्स रेटिंग (शून्य हँडिकॅपवाल्याचा अपेक्षित स्कोअर) ७०.६, स्लोप (बाकीच्यांना मैदान किती अवघड; प्रमाण आकडा ११३) १२४. ९५ वजा ७०.६ म्हणजे २४.४, गुणिले ११३, भागिले १२४, उत्तर २२.२. म्हणून अवघड मैदानावरचा ९५ सोप्यावरच्या ९२ पेक्षा चांगला ठरू शकतो. नुसते स्कोअर शेजारी ठेवून रडू नका.

एका होलचा आकडा नेट डबल बोगीला कापतात: पार अधिक २ अधिक त्या होलवर मिळणारे फटके. २२ हँडिकॅपला सगळीकडे एक आणि चार अवघड होलवर दोन. मग स्ट्रोक इंडेक्स (होलचा अवघडपणाचा क्रमांक) १० च्या पार ४ वर जास्तीत जास्त ७ धरले जातात. तुम्ही ११ मारले असतील तरी हँडिकॅपपुरते ७. स्टेबलफर्डमध्ये (होलगणिक गुण देणाऱ्या पद्धतीत) तर तिथे शून्य गुण की बॉल उचलायचा, मागच्यांचीही सोय होते. १२ महिन्यांतल्या सगळ्यात कमी हँडिकॅप इंडेक्सपेक्षा वाढ ३ च्या पुढे गेली की वरची वाढ निम्मी होते, आणि ५ वर थांबतेच.

सातनंबरी

येरवडा फेअरवे, बॅगेचं पटलं, क्रमाचं नाही. टीवरून दोन ओबी म्हणजे चार फटके गेलेच, तेवढे चाळीस यार्डांत वाचवायला चार उत्तम चिप (ग्रीनजवळचे छोटे फटके) लागतात. वाद कार्डावरच मिटेल: पुढच्या पाच राउंडमध्ये प्रत्येक होलपुढे चार खुणांपैकी लागू होईल ती करा. दंड, तिसरा पट, ग्रीनच्या जवळून चुकलेला फटका, बंकरमध्ये गेलेला जादा फटका. ज्या खुणा जास्त, तिथे सराव.

एक राहिलं, टीची निवड. ड्रायव्हर २०० यार्ड जात असेल तर ५२०० ते ५४०० यार्डांचं मैदान खेळा. २२५ जात असेल तर ५८०० ते ६०००. मागच्या टीवरून प्रत्येक पार ४ ला दुसरा फटका फेअरवे वूडने (ड्रायव्हरच्या खालोखाल लांब क्लबने) मारावा लागत असेल, तर बिघाड स्विंगमध्ये शोधू नका.

येरवडा फेअरवे

खुणांचं मान्य. त्यात पाचवी घाला: घसरलेली ग्रिप. घाम आणि तेलाने रबर गुळगुळीत होतं, हात नकळत घट्ट आवळला जातो आणि तोंड उघडं राहतं. कोमट पाणी, थोडा भांडी घासायचा साबण, मऊ ब्रश, मग कोरड्या फडक्याने पुसून रात्रभर आडवे ठेवा. पाणी शाफ्टच्या टोकाच्या भोकातून आत जाऊ देऊ नका. धुऊनही चकाकी गेली नाही तर ग्रिप बदलायला झाली.