विंचू आणि बेडूक पाहण्यासाठी अतिनील टॉर्च: कोणता घ्यावा?

गडगेकर:
नमस्कार. आमच्या परसात जांभ्याचा जुना गडगा आहे आणि पावसाच्या तोंडावर त्यातून विंचू बरेच निघतात. त्यांच्या कवचातील बीटा-कार्बोलिन आणि कुमारिन वर्गातील एका संयुगामुळे ते अतिनील प्रकाशात निळसर-हिरवे चमकतात, हे वाचल्यापासून तसा टॉर्च घ्यायचे मनात आहे. बाजारात ३९५ आणि ३६५ नॅनोमीटर तरंगलांबीचे असे दोन प्रकार दिसतात. दीड हजारांच्या वर जाणे शक्य नाही. जमल्यास आंबोलीला बेडूकही पाहायचे आहेत. कृपया जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

सड्यावरचा:
३६५च घ्यावा. ३९५मधून जांभळा प्रकाश इतका सांडतो की मंद चमक त्यात बुडून जाते. माझा टॉर्च साडेसात हजारांचा आहे. त्याच्या तोंडाशी दृश्य प्रकाश अडवणारी काळी काच असल्यामुळे काही दगडफुलांचा नारिंगी रंगसुद्धा स्वच्छ दिसतो. अशा वस्तूंत हात आखडता घेऊ नये.

दुर्बीणवाले काका:
दीड हजारांत धड काहीच येत नाही. आणखी थोडे पैसे साठवून ८ बाय ४२ची दुर्बीण घ्यावी, ती दिवसाही उपयोगी पडते.

गडगेकर:
काका, विंचू पाहायचे आहेत, आणि तेही रात्री.

किरणमास्तर:
बेडकांचा विषय वेगळा आहे. लँब आणि डेव्हिस या संशोधकांनी २०२० साली उभयचरांच्या ३२ जाती तपासल्या, तेव्हा सर्वच चमकल्या. मात्र ही हिरवी चमक अतिनीलपेक्षा ४४० ते ४६० नॅनोमीटरच्या निळ्या प्रकाशात अधिक तीव्र होती. त्यासाठी निळा टॉर्च लागतो आणि परावर्तित निळा प्रकाश अडवण्यासाठी डोळ्यांसमोर पिवळी गाळणी धरावी लागते. म्हणजे एका टॉर्चमध्ये विंचू आणि बेडूक दोन्ही नीट साधणार नाहीत.

रानवाट:
उडत्या खारी विसरलात काय? अमेरिकेतील उडत्या खारी अतिनील प्रकाशात गुलाबी दिसतात, हे २०१९ साली प्रसिद्ध झाले आहे. आपल्याकडच्या खारींवरही कोणीतरी टॉर्च मारून पाहायला हवा. त्यांची ही खूण एकमेकींना अंधारात ओळखण्यासाठीच असणार.

किरणमास्तर:
‘असणार’ म्हणून कसे चालेल? पश्चिम ऑस्ट्रेलियातील संग्रहालयाच्या संशोधकांनी २०२३ साली सस्तन प्राण्यांच्या १२५ जाती तपासल्या आणि प्रत्येक जातीत थोडीफार चमक आढळली. केसांतील आणि नखांतील केराटिन हे प्रथिन मुळातच चमकते, आपली नखेही चमकतात. त्यामुळे चमक दिसली की तिचा प्राण्याला उपयोग आहेच, असे ठरत नाही. शिवाय निशाचर प्राण्याच्या डोळ्यांत असा झोत मारणे सर्वथा अयोग्य आहे.

सड्यावरचा:
पुन्हा सांगतो, ३६५.

ओढाकाठ:
मी पाण्याचे नमुने तपासण्याचे काम करते, म्हणून एक सूचना. पांढरा धुतलेला सदरा घालून जाऊ नये. साबणातील उजाळा देणारी द्रव्ये अतिनील प्रकाशात इतकी निळी पेटतात की शेजारचे काही दिसत नाही. याच गुणामुळे ओढ्यात सांडपाणी मिसळते का, हे शोधायला ती कामी येतात. पालापाचोळा कुजलेले पाणीही निळसर चमकते, म्हणून नमुना काही वेळ अतिनील प्रकाशात ठेवून पुन्हा मोजतात. साबणाची द्रव्ये लवकर फिकी पडतात, कुजलेल्या पाचोळ्याची चमक त्या मानाने टिकते.

दुर्बीणवाले काका:
ताई, मूळ प्रश्न टॉर्चचा आहे.

ओढाकाठ:
काका, तो दुर्बिणीचा तरी कुठे होता?

महाडकर:
कोणता टॉर्च घ्यावा यापेक्षा तो कसा वापरावा, हे महत्त्वाचे आहे. नुकतीच कात टाकलेला विंचू चमकत नाही. कवच कडक होत जाईल तशी चमक येते. म्हणून काही चमकले नाही, तरी फटीत हात घालू नये. कोकणातला लाल विंचू जिवावर बेततो. डॉ. हिम्मतराव बावस्करांनी आमच्या महाडला प्राझोसिन हे औषध वापरून असंख्य रुग्ण वाचवले, पण त्यासाठी रुग्ण वेळेत दवाखान्यात पोहोचावा लागतो. डोळ्यांना अतिनील अडवणारा पॉलिकार्बोनेटचा चष्मा लावावा, कारण ३६५चा झोत डोळ्यांना मंद भासतो आणि माणूस गाफील राहतो. विंचवावर झोत फार वेळ रोखू नये; तो प्रकाश त्याला नकोसा असतो.

रानवाट:
सेलचेही पाहावे. माझ्या टॉर्चचा ‘१८६५०’ या मापाचा सेल भर पावसात बंद पडला आणि विक्रेत्याने हात वर केले. सुटा सेल खात्रीच्या दुकानातूनच घ्यावा.

गडगेकर:
सर्वांचे आभार. सर्वांचे मत ३६५कडे झुकत असले, तरी मी बाजारातून ३९५चाच टॉर्च चारशे ऐंशी रुपयांना घेतला. दगडफुले मला पाहायची नाहीत आणि विंचू तर त्यातही ठळक दिसतो. काल गडग्याच्या तिसऱ्या थरात एक होता; नांगीच्या पेरापेरावरची चमक दिसत होती, फक्त टोकाचा काटा काळा. उरलेल्या पैशांत महाडकरांनी सांगितलेला चष्मा आणि गमबूट घेतले. बेडूक पुढच्या वर्षी पाहू.

सड्यावरचा:
पुढच्या वर्षी ३६५ घ्याल, तेव्हा कळवा.

नवा सभासद:
वरचे प्रतिसाद वाचलेले नाहीत, पण माझ्या मते ३६५ घ्यावा.