टेन्शननं पोट सुटतं की भाकरीनं?

सूतगुंडी: काल इथं कुणीतरी ठोकून दिलं, "चरबी म्हणजे कोठी. माल आत, माल बाहेर. टेन्शन हा बहाणा, भाकऱ्या मोजा." डोकंच फिरलं. कोठी गप्प बसते, चरबी बसत नाही. १९९३ साली लठ्ठ उंदरांच्या चरबीत टीएनएफ-अल्फा सापडला, शरीरात आतून सूज पेटवणारं प्रथिन. पुढच्या वर्षी लेप्टिन, चरबीनंच सोडलेलं, भूक आवरणारं हार्मोन. टेन्शन आलं की अ‍ॅड्रेनॅलिन चरबीच्या पेशीवरच्या बीटा रिसेप्टरला, म्हणजे निरोप घेणाऱ्या कडीला, चिकटतं आणि पेशी आयएल-६ सोडते, तेही सुजेचा निरोप नेणारं प्रथिन. ह्यात बहाणा कुठला?

कडकभाकरी: पोस्ट माझीच होती. टेन्शनमध्ये कॉर्टिसोल हे हार्मोनपण वाढतं की. ते तर सूज मारतं, त्याचाच भाऊ कॉर्टिसोन, त्यावर काम करणाऱ्यांना १९५० चं नोबेल मिळालंय. आमच्या आईला दम्यासाठी त्याच जातीच्या, स्टेरॉइडच्या गोळ्या देतात. मग टेन्शनवाल्यांची सूज उतरायला पाहिजे ना बे?

रात्रपाळी: शास्त्र राहू द्या. आमच्याकडं पाणी पाच दिवसांनी, तेही रात्री अडीचला. उजनी धरण भरलं काय, न भरलं काय.

नळावरची: अडीच? नशीबवान हाय. आमच्या गल्लीत वेळच ठरलेली नाही. मोटर लावली की शेजारीण भांडायला तयार.

कडकभाकरी: पाण्याचा धागा वेगळा काढा.

रात्रपाळी: का काढू? टेन्शन काय दुकानात मिळतं? वडील उभा जन्म यंत्रमागावर, काटकुळे, एका वेळेला दीड भाकरी. शुगर २८०. मोजा आता भाकऱ्या.

सूतगुंडी: पुण्याचे मधुमेहाचे डॉ. याज्ञिक हेच सांगत आलेत, आपला माणूस दिसतो बारीक, चरबी आत पोटात. आता कॉर्टिसोल. तो सुजेचा ब्रेक आहे, मान्य. खरं ब्रेकवर कायम पाय ठेवून गाडी चालवली की लायनर जातात, तसं रोजच्या टेन्शनमध्ये पेशी त्याला जुमानत नाहीत. वर चरबी स्वतःच झोपलेल्या कॉर्टिसोनला (कॉर्टिसोलचंच निष्क्रिय रूप) जागं करून कॉर्टिसोल बनवते. त्यानं पोटातली चरबी वाढते, फुगलेल्या चरबीत मॅक्रोफेज, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पेशी, येऊन बसतात, आणि टीएनएफ, आयएल-६ चालूच. त्या गोळ्यांनी आईंचा चेहरा गोल झाला असेल, पोट सुटलं असेल बघा.

कडकभाकरी: आईच्या चेहऱ्यावर जायचं काम नाही! तिचा श्वास चालतो तो त्या गोळ्यांवर. तुमच्यासारख्यांचं वाचून लोक परस्पर गोळ्या सोडतात आणि मग रात्री रिक्षा शोधत पळावं लागतं. आम्ही पळालोय.

सूतगुंडी: गोळ्या सोडा असं कुठं म्हटलं? अचानक सोडणं घातकच. चेहऱ्याचं मात्र चुकलं, मागे घेतो.

नळावरची: माझ्या सासूबाईंचा पण चेहरा असाच झाला होता. आम्ही म्हणायचो, तब्येत सुधारली.

कडकभाकरी: बरं बाबा, कोठी बोलते. आरडाओरडा करते म्हणा. भाकऱ्या मी तरीपण मोजणार. आणि रात्रपाळी, तुमच्याकडं आज हाय का पाणी? आमचा कालचा वार हुकला.